स्टँडवरून उतरलेला स्वार

१

सोमवारी सकाळी सव्वाआठला निवृत्त प्राचार्यांनी दिवाणखान्याचं कुलूप काढलं, रोजच्यासारखी मोजणी केली आणि एकोणचाळिसावर थांबले. चाळीस हवे होते. त्यांनी पुन्हा मोजले. चोरी दुसऱ्यांदा मोजून भरून येत नाही, तरी माणूस मोजतो.

प्राचार्य पुतळे जमवायचे, पण कुणा थोरांचे नव्हेत. जुन्या स्कूटरींच्या घडणीवरून केलेली ही माणसं होती. हेडलाइटचं डोकं, पुढच्या पत्र्याची छाती, बाजूच्या फुगीर पत्र्यांची कंबर, हँडलचे हात. कुणी नाचतंय, कुणी पेपर वाचतंय, कुणी नुसतंच कंबरेवर हात ठेवून आपला नंबर कधी येतो ते बघतंय. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, त्यांना एक कपाट पुरतं. प्राचार्यांना तळमजल्यावरचा अख्खा दिवाणखाना लागला आणि घरी येणारे पाहुणे स्वयंपाकघरात बसायला शिकले.

नाहीसा झाला होता तो संग्रहातला सर्वांत मोठा पुतळा, 'स्वार'. कंबरेच्या वर माणूस, खाली स्कूटर. खरी दोन चाकं, खरा स्टँड, वजन अडीच पोती सिमेंटएवढं. बुधवारी सगळा संग्रह शहराच्या संग्रहालयात जायचा होता. तिथल्या एका दालनाला प्राचार्यांचं नाव लागणार होतं आणि 'स्वार' दालनाच्या मधोमध उभा राहणार होता.

कुलूप मोडलेलं नव्हतं. किल्ल्या चार जणांकडे होत्या: प्राचार्य, त्यांची बायको, तिचा भाऊ आणि झाडपूस करणाऱ्या मावशी. प्राचार्यांनी या चौघांतून मावशी निवडायला वीस मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. साडेआठला मावशी कामाला आल्या तेव्हा त्यांची पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटी करण्यात आली. त्यातून एक कंगवा, एक चष्मा, अर्धा साबण आणि किल्ल्यांचा जुडगा निघाला. त्या पिशवीत स्वाराचा एक आरसाही मावला नसता. पण प्राचार्यांचं म्हणणं असं, की मावशींनी किल्ली दिली आणि त्यांच्या ओळखीच्या दोन माणसांनी माल उचलला. मावशी आणखी तीन घरी कामाला जात. प्राचार्यांनी त्या तिन्ही घरी फोन करून सावध केलं. पोलिसचौकीतले ओळखीचे अधिकारी पाच वाजता कामावर येणार होते. तक्रार पाचला द्यायची ठरली.

म्हणजे पाच वाजेपर्यंत मावशींची सोळा वर्षांची अब्रू शिल्लक होती, आणि तीही फक्त चौकीपुरती.

प्राचार्यांची बायको आदल्या दिवशी चारला बहिणीकडे गेली होती. ती सकाळी दहाला परतली, सगळं ऐकून घेतलं, चहा टाकला आणि तिसऱ्या मजल्यावर फोन केला.

"भाऊजी, जरा खाली येता का? यांनी चोर पकडलाय. आता चोरी कुणी केली ते तेवढं बघायचंय."

२

तिसऱ्या मजल्यावर राहायचे निवृत्त सर्व्हेअर. एकतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. कुठला पोचा अपघातातला आणि कुठला आधीचा, एवढंच सांगायचं काम. त्या एकतीस वर्षांत चुकलेला चालक त्यांना एकही भेटला नव्हता. सगळ्यांना झाडंच येऊन धडकली होती.

ते आले आणि कुणाशी बोलण्याआधी फरशीवर ओणवे झाले. स्वाराच्या जागी स्टँडच्या रबराचे दोन गोल डाग होते. जवळच चार फूट लांब ओरखडा होता, पण जुना, कडा मळलेल्या. नवा ओरखडा कुठेच नाही. डागांपासून दारापर्यंत एक लांबट गालिचा तिरपा पसरला होता.

"मावशी, इकडे या," सर्व्हेअर म्हणाले. "काल किती वाजता गेलात?"

"अडीचला. फरशी पुसली नि गेले. तो थोरला बाहुला जाग्यावर होता. त्याच्या चाकाखालून फडकं फिरवलं मी, मग नव्हता कसा म्हणू?"

"सर कुठे होते?"

"झोपले होते. दोन ते पाच. त्या वेळात घर पेटलं तरी उठवायचं नाही, असा नियम आहे." मावशींची नजर खाली गेली. "हा गालिचा इथला नाही."

"कुठला?"

"सरांच्या खोलीतला, लिहायच्या टेबलाखालचा. त्यावर पाय ठेवल्याशिवाय त्यांना एक ओळ सुचत नाही."

सर्व्हेअरांनी गालिचा गुंडाळला. खाली टायरची एक बारीक रेघ होती. ओल्या फरशीवर उमटून वाळलेली, डागांपासून सरळ येऊन दाराशी एका झोकात वळलेली. पुढे बाहेरच्या बोळात पायपुसण्यापाशी ती संपत होती आणि त्यापलीकडे इमारतीचं पार्किंग.

"ओली फरशी वाळायला किती वेळ लागतो?"

"पंखा नसला तर वीस मिनिटं." मावशींना हिशोब लगेच कळला. "म्हणजे मी गेल्या गेल्या नेला. किंवा मीच नेला, असंही म्हणतील. पण साहेब, मी नेला असता तर ही रेघ ठेवली असती का? सोळा वर्षं पुसतेय या घरात. नेमकी चोरी करताना पुसायचं विसरेन?"

सर्व्हेअरांनी वहीत लिहिलं: हे पटतं.

मग ते प्राचार्यांकडे वळले. "सर, काल संध्याकाळी काय केलंत?"

"बुधवारचं भाषण लिहिलं. माझ्या खोलीत. जेवणापर्यंत टेबलावरच होतो."

"पाय गालिच्यावर?"

"अर्थात." प्राचार्य बोलून गेले आणि मग गुंडाळलेल्या गालिच्याकडे बघायला लागले.

सर्व्हेअरांनी वही मिटली. पुतळा दुपारी तीनच्या आत गेला होता. गालिचा संध्याकाळनंतर आला होता. चोरानं माग ठेवला होता, आणि तो झाकायला भलतंच कुणीतरी धावलं होतं.

३

मेहुणे, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, फरशांचं दुकान चालवायचे. दिवाणखाना आपल्याला गोदामाला द्यावा अशी त्यांची पाच वर्षांची मागणी होती. ते आले ते चिडूनच.

"भावजींना सांगा, मी चोरायला निघालो असतो तर सगळेच नेले असते! चाळिसातला एक न्यायचा आणि एकोणचाळीस ठेवायचे, याला काय गोदाम मोकळं करणं म्हणतात?"

"हा जुना ओरखडा कुणाचा?"

मेहुण्यांचा आवाज खाली आला. "माझाच. दोन वर्षांपूर्वी भावजी गावाला गेले होते, तेव्हा म्हटलं जरा भिंतीला सरकवून जागा होते का बघू. दुकानातले दोन हमाल आणले होते. फरशीच्या पेट्या पानासारख्या उचलतात ते. तिघांनी मिळून चार फूट सरकवला. फरशीची ही गत झाली, आणि माझा अंगठा महिनाभर काळा होता."

"चाकं आहेत ना त्याला?"

"आहेत की. पण तो स्टँडवरून उतरेल तेव्हा ना! पुढे ढकलला तर अंगावर येतो, मेला. ताईच्या घरात माझ्यावर डूख धरणारे दोघं, एक भावजी आणि एक तो."

"काल दुपारी अडीचला कुठे होतात?"

"दुकानात. एका जोडप्याला बाथरूमच्या फरशा दाखवत होतो. तिला निळ्या हव्या होत्या, त्याला पांढऱ्या. साडेतीनला दोघं वेगवेगळ्या रिक्षांनी गेले. विचारा त्यांना, एकत्र सापडले तर. मग चारला मी ताईला न्यायला आलो."

तेव्हा उरले पुतळे घडवणारे मिस्त्री. त्यांना किल्ली लागत नव्हती, कारण दिवाणखान्याचं कुलूप गेल्या वर्षी त्यांनीच दुरुस्त केलं होतं. त्यांचं गॅरेज तीन गल्ल्या पलीकडे होतं. सर्व्हेअर तिथे पोचले तेव्हा मिस्त्री लाकडी बाकावर सपाट पडून, कंबरेला पट्टा बांधून, छताकडे बघत कामगारांना शिव्या देत होते.

"उठू नका."

"उठायची सोय असती तर पडलो असतो का? तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणाला, पानासुद्धा उचलायचा नाही." मिस्त्रींनी नुसते डोळे वळवले. "स्वार गेला म्हणे. कोणत्या बाजूनं ओढून नेला?"

"ओढला नाही. चालवत नेलाय. एक सरळ रेघ, दाराशी एक वळण."

मिस्त्रींनी हातानं कामगारांना काम थांबवायला सांगितलं. मग म्हणाले, "एकट्यानं?"

"पावलं दिसत नाहीत. पण दोघं असते तर रेघ डगमगली असती."

"बरोबर. दोघं धरतात तेव्हा दोघं दोन्हीकडे खेचतात. त्याचं असंय साहेब, इंजिनाच्या जागी मी आत लोखंड भरलंय. जुनी स्कूटर उजवीकडे जड असते, म्हणून स्वारही उजवीकडे जड. तो हातांनी उतरत नाही, अंगानं उतरतो. डावीकडे उभं राहायचं, कमरेचा आधार द्यायचा. वर्षानुवर्षं रोज केलं असेल त्यालाच येतं."

"कुणाकुणाला येईल?"

"मला यायचं. आणि ज्याच्यावरून केला त्याला."

"म्हणजे सरांना."

मिस्त्रींनी पुन्हा छत गाठलं. "रोज सव्वादहाला ती स्कूटर माझ्या दारावरून कॉलेजकडे जायची. वीस वर्षं. कोपऱ्यावर ब्रेक न मारता काय वळायची! हातातलं काम ठेवून बघायचो मी. एक दिवस म्हटलं, हे पत्र्यात धरता आलं पाहिजे."

"आणि स्कूटरवर सर."

"हो," मिस्त्री म्हणाले. "सरही असायचे."

४

चार वाजता सर्व्हेअर परतले. मावशी अजून स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होत्या. त्यांची पिशवी त्यांनी भरली नव्हती. ज्यानं उलटी केली त्यानं भरावी, असं त्यांचं म्हणणं होतं. प्राचार्य तक्रारीचा तिसरा मसुदा सुवाच्य अक्षरात उतरवत होते.

"सर, मावशींचं नाव काढा," सर्व्हेअर म्हणाले. "पुतळा उचलला नाही, ओढला नाही, स्टँडवरून उतरवून चालवत नेलाय. हे मावशींना येत नाही, त्यांच्या दोन काय दहा माणसांना येणार नाही. ज्यानं ही गाडी वर्षानुवर्षं हाताळली त्याचंच हे काम. मिस्त्रींची पाठ गेली आहे. मग या शहरात असा दुसरा माणूस कोण, हे तुम्हीच मला दहा वेळा सांगितलंय. डोंगरातली ती सफर, अकराशे किलोमीटर, एकच पंक्चर."

प्राचार्य ताडकन उभे राहिले. "म्हणजे? मीच माझा पुतळा चोरला?"

"गालिचाही तुमचाच आहे."

"हा शुद्ध आचरटपणा आहे!"

"असेलही. एक खात्री करून घेऊ, मग मी वर जातो." कोपऱ्यात 'पहारेकरी' नावाचा दुसरा एक चाकांचा पुतळा होता, स्वारापेक्षा बराच हलका. सर्व्हेअरांनी तो कमरेचा आधार देऊन स्टँडवरून खाली घेतला आणि त्याचं हँडल प्राचार्यांच्या हाती दिलं. "परत चढवा."

"कशासाठी?"

"तुम्हाला येतं म्हणून."

प्राचार्यांनी बाह्या सावरल्या आणि ते पहारेकऱ्याच्या उजव्या बाजूला उभे राहिले. त्यांनी हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि अडलेल्या म्हशीला ओढावं तसं मागे ओढलं. पहारेकरी हलला नाही. त्यांनी जोर वाढवला. चाकं हातभर मागे आली, स्टँड फरशीवर खरवडला आणि पहारेकरी शांतपणे उजवीकडे कलून प्राचार्यांच्या गळ्यात पडला. कुणी नवखं दारात आलं असतं तर त्याला वाटलं असतं, दोघं फार वर्षांनी भेटताहेत.

"पाय," सर्व्हेअर हळूच म्हणाले. "स्टँडवर पाय द्यायचा असतो, सर. हातांनी नसतं चढत."

"माहीत आहे मला!" पत्र्याच्या खांद्याआडून आवाज आला. "सवय मोडलीय एवढंच!"

"पोहण्याची आणि स्कूटर चढवण्याची मोडत नाही. अभिनंदन. तुम्ही चोर नाही."

त्याच वेळी दारातून चहाचा ट्रे आला, आणि ट्रेच्या मागे प्राचार्यांची बायको. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, पहारेकऱ्याकडे पाहिलं, ट्रे पेपर वाचणाऱ्या पुतळ्याच्या मांडीवर ठेवला. "सरका हो," म्हणाली. डाव्या हातानं हँडल धरलं, उजवा पाय स्टँडवर दिला आणि अंग किंचित मागे झुकवलं. खट्. पहारेकरी ताठ उभा राहिला.

तिनं ट्रे पुन्हा उचलला.

"घ्या भाऊजी. निवतोय."

५

कुणीच चहा उचलला नाही. मावशी आवाज ऐकून दारात येऊन उभ्या होत्या.

"पार्किंगमध्ये?" सर्व्हेअरांनी विचारलं.

"सात नंबरला. खोळ घालून."

"सकाळी उतरताना पाहिली मी. बाकी सगळ्या गाड्या एका पायावर कललेल्या, ती एकटी ताठ. मला वाटलं, इमारतीत कुणीतरी शिस्तीचं माणूस राहायला आलंय." सर्व्हेअर टेकले. "वीस वर्षं कॉलेजला तुम्हीच सोडायचात यांना."

"बावीस. यांना सोडून मग मी माझ्या बँकेत. डोंगरातली सफरही मीच चालवली. पंक्चर दोन झाली होती, यांना एकच आठवतं. दुसऱ्या वेळी हे झाडाखाली झोपले होते."

"तू कधी काही बोलली नाहीस," प्राचार्य म्हणाले.

"गप्पा होत्या हो. चार लोक हसतात, तुम्हाला बरं वाटतं, माझं काय जातं? पण शनिवारी संग्रहालयातून पितळी पाटी आली. 'स्वार. संग्राहकाच्या तरुणपणीच्या स्कूटरस्वारीवरून.' मजकूर तुम्ही दिलेला. गप्पा संपल्या की लोक घरी जातात. पितळ कुठे जातं?" ती सर्व्हेअरांकडे वळली. "म्हटलं, बुधवारपर्यंत तो माझ्याजवळ राहू दे. हे मुकाट्यानं येतील, पाटी बदलू म्हणतील, मी परत आणून उभा करीन. मला काय ठाऊक हे मावशींना धरतील!"

"तेच मला विचारायचंय," सर्व्हेअर म्हणाले. "वहिनींनी केलं त्याला मी चोरी म्हणणार नाही. घरातली वस्तू घराच्या पार्किंगमध्ये गेली. पण सर, तुमचं काय? सकाळी सव्वाआठला तुम्ही ही रेघ पाहिली. त्या क्षणी तुम्हाला कळलं. या घरात ही रेघ काढू शकणारं माणूस एकच आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? बावीस वर्षं मागच्या सीटवरून बघितलंय तुम्ही. तुम्ही आत गेलात, गालिचा आणलात आणि रेघ झाकलीत. ज्याची चोरी होते तो पुरावा जपतो. तुम्ही झाकला, कारण रेघ कुणी वाचली असती तर चोर सापडला असता, आणि चोराबरोबर स्कूटर कोण चालवायचं तेही. मग चोर दुसरा लागणार होता. साडेआठला दारात मावशी आल्या."

प्राचार्यांनी पहारेकऱ्याच्या खांद्यावरची धूळ बोटानं पुसली.

"तुम्हाला माहीत होतं?" मावशींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "मी नाही, हे माहीत असून पिशवी उलटी केलीत?"

"मावशी, मी... बुधवार झाल्यावर मी सगळं निस्तरणारच होतो."

"पाचला चौकीत देऊन?"

"पाचला मी गेले असते चौकीत," बायको म्हणाली. "यांच्याआधी. मला फक्त हे यांच्या तोंडून ऐकायचं होतं."

मावशी तिच्याकडे वळल्या. "आणि तोवर मी स्टुलावर. बाई, तुम्ही दहाला आलात. दहाला तुम्हीही बोलला नाहीत. तुमचं दोघांचं स्कूटर कुणाची ते ठरेपर्यंत माझा दिवस गेला."

बायकोनं ट्रे खाली ठेवला. "हो," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. मला बोलायला हवं होतं."

६

स्वयंपाकघरात येऊन प्राचार्यांनी तक्रारीचे तिन्ही मसुदे फाडले. मग ते मावशींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, माझी चूक झाली. मी मनापासून दिलगीर आहे."

"ते मला नका सांगू. मी चोरी केली नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे." मावशींनी टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. "ज्यांना सकाळी सांगितलंत त्यांना सांगा. उद्या इथे कामाला यायचं का नाही, ते मी नंतर बघीन."

पहिला फोन डॉक्टरीणबाईंना झाला. प्राचार्यांनी एक गैरसमज झाल्याचं सांगितलं, मावशी निर्दोष असल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. डॉक्टरीणबाईंकडे पेशंट होता, त्यांनी काही विचारलं नाही. प्राचार्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

दुसरा वकिलांना. वकिलांनी विचारलं, "मग नेला कुणी?" प्राचार्य म्हणाले, घरातच होता, इकडचा तिकडे झाला होता. वकील म्हणाले, एवढा मोठा पुतळा इकडचा तिकडे कसा होतो? प्राचार्य म्हणाले, होतो कधी कधी. मावशींनी मान हलवली.

"असं नाही चालायचं. असं सांगितलंत तर त्यांना वाटेल, मी सापडले म्हणून पुतळा परत आणून ठेवला, आणि सर ते झाकताहेत. पुन्हा लावा."

वकिलांना पुन्हा फोन लागला. "माझ्या पत्नीनं हलवला," प्राचार्य भराभरा म्हणाले आणि ठेवला. मावशींनी तो चालवून घेतला.

तिसरं घर त्यांच्याच कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्याचं. त्यानं डोंगरातली सफर प्रत्येक निरोपसमारंभात ऐकली होती. तो फोन सोडेना. पलीकडचा मोठा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता.

"मावशींनी नेला नाही, असं कसं? तुम्हीच सकाळी म्हणालात!"

"चुकीचं म्हणालो. माझ्या पत्नीनं नेला."

"वहिनींनी? तो अजस्र पुतळा? चेष्टा करता का सर? मावशींना वाचवायला काहीही सांगाल. वहिनींना ते जमेल तरी का?"

प्राचार्यांनी खोलीभर नजर फिरवली. बायको उरलेले कप विसळत होती. सर्व्हेअर गार चहा पीत होते. मावशी टेबलाशी उभ्या होत्या आणि कंगवा, चष्मा नि साबण अजून टेबलावर तसेच पडलेले होते.

"जमतं," प्राचार्य म्हणाले. "तिला स्कूटर येते."

"आणि तुम्हाला?"

प्राचार्यांनी फोन या कानावरून त्या कानाला नेला.

"मला येत नाही," प्राचार्य म्हणाले.

"काय म्हणालात? हॅलो? आवाज येत नाहीये, सर."

"जरा मोठ्यानं," मावशी म्हणाल्या.

प्राचार्यांनी घसा साफ केला आणि दोन्ही हातांनी फोन धरून, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, ते वाक्य पुन्हा सांगितलं.